उंदराची फिट थांबली, माणसाचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

झाडपाल्याच्या औषधाने फिट्स थांबल्या अशा मथळ्याची बातमी परवा आपल्या पेपरात वाचली आणि प्रयोग उंदरांवर झालाय हे कळलं ते अगदी शेवटच्या ओळीत. माझ्या धाकट्या भावाला नवव्या वर्षापासून फिट येते म्हणून कळकळीने लिहितेय. काही वर्षांपूर्वी अशीच एक बातमी वाचून घरातल्यांनी त्याची गोळी बंद करून चूर्ण सुरू केलं आणि चौथ्या दिवशी फिट आली ती थांबेचना, एक संपत नाही तोवर दुसरी, शेवटी आयसीयूत ठेवावं लागलं. चूर्णात दोष होता असं मी म्हणत नाही, गोळी एकदम तोडली ते नडलं.

वनस्पतींवर माझा राग अजिबात नाही, उलट त्या नीट तपासा असंच म्हणणं आहे. अपस्मारावरचं ब्राह्मी घृत चरकसंहितेत आहेच, आणि आजची औषधं घेऊनही साधारण तिघांतल्या एकाच्या फिट्स पूर्ण थांबत नाहीत, त्या लोकांना नवीन काहीतरी हवंच आहे. पण उंदराच्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा धडधाकट उंदराला शॉक देऊन नाहीतर इंजेक्शन देऊन फिट आणतात, त्याला मुळात अपस्मार नसतोच. लेव्हेटिरासिटाम ही आज सर्रास दिली जाणारी गोळी या नेहमीच्या दोन्ही टेस्टमध्ये नापास झाली होती आणि माणसांत मात्र चालली, मग उलटंही होणारच ना, उंदरात पास आणि माणसात काहीच नाही.

गांजाच्या झाडातल्या कॅनाबिडिऑलचं बघा. ड्रावे सिंड्रोम (लहानपणीच सुरू होणारा, औषधांना न जुमानणारा अपस्मार) असलेल्या 120 मुलांवर चाचणी झाली, 2017 मध्ये छापून आली, सगळ्यांची आधीची औषधं चालूच होती, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. औषधवाल्यांत 43 टक्के मुलांच्या मोठ्या फिट्स निम्म्याने किंवा जास्त कमी झाल्या, पण नुसत्या द्रावणावरही 27 टक्के मुलांच्या झाल्या! फिट्स आपल्या आपण कमीजास्त होतात, म्हणून दुसरा ग्रुप नसेल तर “आमच्या पेशंटला फरक पडला” याला काही अर्थ राहत नाही. त्याच चाचणीत काही मुलांचे लिव्हरचे रिपोर्ट बिघडले, त्यातली बहुतेक व्हॅल्प्रोएट हे फिटचं नेहमीचं औषध घेणारी होती, म्हणजे झाडाचं औषध चालू गोळीशी भांडू शकतं हेही तिथेच कळलं. अमेरिकेत मंजुरी मिळाली ती 2018 मध्ये, एवढं सगळं झाल्यावर.

शिवाय वनस्पती कुठली हेही बघायला हवं. ब्राह्मी म्हणून दोन वेगळी झाडं विकली जातात, त्यात ऋतू, जमीन, पान की मूळ यावर ताकद बदलते, मग चाचणीत दिलं तेच पुडीत आहे हे कोण सांगणार? वनौषधी म्हणून विकलेल्या पुड्यांत चक्क फिनोबार्बिटोन हे फिटचं जुनं ॲलोपॅथिक औषध सापडल्याचीही उदाहरणं आहेत, फिट थांबते ती त्याने आणि नाव होतं झाडाचं.

तेव्हा एवढंच करा, प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर आणि गोळ्या चालू ठेवल्या होत्या का हे मथळ्यातच नाहीतर पहिल्या ओळीत छापा, आणि गोळी मनाने बंद करू नका ही ओळ प्रत्येक वेळी टाका.

भाऊ आता गोळीवरच आहे, तरी महिन्याकाठी एखादी फिट येतेच. वनस्पतीची खरी चाचणी निघाली तर नाव द्यायला तो स्वतः तयार आहे, गोळी चालू ठेवून.

आपली,
एक नियमित वाचक