आई-बाबांना पत्र: नितळ पाणी आणि नदीचा नमुना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, वाडीच्या घाटावर पाणी एवढं नितळ दिसतं, मग नमुने कसले घेता, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

नितळपणा डोळ्यांना कळतो, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कळत नाही. आम्ही त्याला डीओ म्हणतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीप्रमाणे अंघोळीच्या पाण्यात डीओ लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, ३ च्या आत. पाणी ३० अंशांपर्यंत तापलं की अगदी स्वच्छ पाण्यातही डीओ साडेसातच्या आसपासच मावतो. उन्हाळ्यात नदीच्या हातात शिल्लक मुळातच थोडी असते.

नमुना काठावरून घेऊन चालत नाही. भर प्रवाहात, पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटीमीटरवर घ्यायचा. डीओची ३०० मिलिलिटरची काचेची बाटली तळापासून हळू भरून थोडी वाहू द्यायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा चढतो. मग तिथेच, काठावर, १ मिली मँगनीज सल्फेट आणि १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. तपकिरी गाळ आला तर ऑक्सिजन आहे. गाळ पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. गाळ खाली बसला की १ मिली सल्फ्युरिक आम्ल घालायचं, पाणी पिवळं होतं. त्यातलं २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं, रंग फिकटला की स्टार्च घालायचा, आणि निळा रंग गेला की थांबायचं. जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम डीओ. (२०० ऐवजी २०१ का? तर पहिल्या दोन रसायनांनी बाटलीतलं २ मिली पाणी बाहेर ढकललेलं असतं, त्याची ही भरपाई.) हे काठावर न करता बाटली तशीच लॅबमध्ये नेली, तर वाटेत जिवाणू ऑक्सिजन खात राहतात आणि आकडा नदीचा राहत नाही.

वेळही महत्त्वाची. शेवाळ दुपारच्या उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच वापरतं. त्यामुळे हिरवट पाण्यात डीओ पहाटे सगळ्यात कमी असतो. वेळ न लिहिलेला आकडा माझ्या लेखी निरुपयोगी आहे.

प्रवाहाचं मापही तसंच. सेकंदाला १० घनमीटर वाहणाऱ्या नदीत बीओडी ३ असेल, तर दिवसाला सुमारे २,६०० किलो भार पुढे जातो. पावसाळ्यात पाणी वाढलं की बीओडीचा आकडा उतरतो, पण घाण कमी झालेली नसते, पातळ झालेली असते. नुसता आकडा बघून नदी सुधारली म्हणणाऱ्यांचा म्हणून राग येतो.

आई, तू नदीचं पाणी तीर्थ म्हणून घेतेस, त्याबद्दल. डीओ चांगला म्हणजे पाणी पिण्याजोगं, असं नाही. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली होती. तो विषाणू पाण्यातून पसरतो, डीओच्या बाटलीत दिसत नाही. जंतूंसाठी वेगळी निर्जंतुक बाटली लागते आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवावी लागते. तू नदीचं पाणी तोंडात घेऊ नकोस. प्यायचं पाणी खळखळून उकळल्यावर आणखी मिनिटभर गॅसवर राहू दे. उकळून जंतू मरतात, क्षार आणि रसायनं जात नाहीत.

बाबा, एक काम तुमच्याकडे. पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात तेव्हा, आणि पहिल्या वळवाला, अडलेलं पाणी आणि तळाचा गाळ एकदम खाली येतो. गाळ ऑक्सिजन ओढून घेतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. असं दिसलं तर लगेच फोन करा: किती वाजता, कुठल्या काठाला, बरगे आत आहेत की काढलेत. मासे मेल्यावर दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात कारण सापडेलच असं नाही, तोवर ते पाणी कृष्णेतून खाली निघून गेलेलं असतं.

तुमची,
लेक