बाबा, तुमच्या चपला इकडे आल्यात

ती. आई-बाबा, नमस्कार.

रोज फोन होतोच आपला, तरी आज टाईप करायला बसलेय, कारण हे फोनवर सांगायला गेले तर अर्ध्यातच रडायला येईल आणि मग आई तू उगाच घाबरशील. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तर बाबा, रविवारपासून तुम्ही ज्या तपकिरी चपला शोधताय त्या इकडे नेरूळला आहेत. मोठा घालून आला. त्याचे बूट तुमच्या दारामागे असतील बघा. नौपाड्यातून स्टेशनपर्यंत रिक्षात, मग पुढे ट्रेनमध्ये, सगळा वेळ मी त्याच्या शेजारी बसलेली आणि माझ्या लक्षातच आलं नाही. घरी येऊन लॅच उघडताना खाली बघितलं तर त्याची टाच चपलेच्या मागे चांगली बोटभर बाहेर. म्हटलं अरे ह्या आजोबांच्या ना, तर म्हणाला, "हो, दारात दिसल्या म्हणून घातल्या, जरा लहान होतायत." आणि गेला आत पाय धुवायला. मी आपली हातात किल्ली घेऊन तिथेच उभी.

पंधरा वर्षांचा झालाय तो. दर जूनला शाळेचे बूट एक नंबर मोठेच घेते, पुढे कापूस घालून, तुमच्याकडूनच शिकलेय, पण गेल्या वर्षी तो कापूस गणपतीच्या आधीच काढावा लागला. परवा परवा तर वंडर्स पार्कमधल्या टॉय ट्रेनमध्ये आईला घेऊन तीन-तीनदा बसायचा, उतरायलाच तयार नसायचा. हिवाळ्यात चाणक्य नौकानयन कॉलेजच्या मागे खाडीवर फ्लेमिंगो आले की आजोबांना बोलवा म्हणून आमच्या मागे लागायचा. आता सायकल काढून मित्रांबरोबर जातो आणि मला फोटो पाठवतो. चांगलंच आहे, पाठवतो तरी. पण हे सगळं नक्की कधी झालं ते मला खरंच सांगता येणार नाही, ऑफिस, डबे, युनिट टेस्ट, धाकटीचा ताप ह्यातच कुठेतरी झालं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे.

वाशीचा क्लास सुटून त्याला यायला साडेनऊ होतात. सव्वानऊपासून मी गॅलरीत, नाहीतर दूध आणायच्या निमित्ताने खाली गेटवर. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "मम्मी, तू खाली नको येत जाऊ, मित्र असतात सोबत." रागावून नाही म्हणाला, अगदी समजावून म्हणाला. आणि बाबा, मला एकदम २७ जुलैची सकाळ आठवली.

२००५ साल, मी टीवायला होते. आदल्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर पेपरात वाचलं, तेव्हा एवढंच माहीत होतं की लोकल बंद, फोन लागत नाहीत आणि रात्र माटुंग्याला कॉलेजच्या बाकावर काढायची. सकाळी आम्ही सहा-सात जण चालत निघालो, हायवेने. सायनपासूनच माझ्या सँडलचा पट्टा तुटलेला, तो ओढणीच्या तुकड्याने बांधलेला. आनंदनगर नाक्यावर पोचलो तर कडेला तुम्ही उभे, हातात छत्री आणि रेशनची पिशवी, पिशवीत आईने दिलेला चहाचा थर्मास. एलबीएस रोडला पाणी असणार म्हणजे ही हायवेनेच येणार, असा हिशेब करून पहाटे पाचपासून उभे होतात. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कशाला आलात, मी काय लहान आहे का?" तुम्ही काहीच बोलला नाहीत. पोरांना झाकणातून थोडा थोडा चहा दिलात, मग खाली वाकून स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्यात आणि तिथून नौपाड्यापर्यंत त्या खडीतून, चिखलातून अनवाणी चालत आलात. मी पुढे मैत्रिणींबरोबर, तुम्ही मागे. एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही मी. घरी आल्यावर आई तुमच्या तळपायातून काहीतरी काढत होती ते मला दिसलं होतं, तरी मी झोपून गेले.

वीस वर्षं हे माझ्या आत आहे आणि मी कधी बोलले नाही. बाबा, मला माफ करा. आई, तू पण, तू त्या रात्री झोपली नव्हतीस हे मला मावशीने सांगितलं होतं, तुला मात्र मी कधी विचारलंच नाही. गेटवर उभं राहून पोराची वाट बघणं काय असतं, ते मला आत्ता कळतंय.

त्याला मी काही बोलले नाही. उद्यापासून गॅलरीतूनच बघणार आहे.

चपला अजून आमच्या दारातच आहेत, तीन दिवस झाले, मी त्या रॅकमध्ये ठेवल्या नाहीत. येत्या रविवारी सगळेच येतोय, त्याचा क्लास दुपारी सुटला की लगेच निघू. आई, कोथिंबीर वड्या कर पण उभं राहून गुडघ्याला त्रास होत असेल तर उंडे वाफवून ठेव, तळायचं मी आल्यावर बघते. आणि बाबा, तोपर्यंत बाथरूमच्या स्लीपर घालून खाली फिरायला जाऊ नका, घसरतात त्या. तुमचा नंबर आठच ना अजून? कळवा, येताना नवीन जोड घेऊन येते, ह्या जुन्या मला राहू देत.

तुमची,
ताई