फर्ग्युसनच्या गुप्त मंडळींचे कागद तुमच्या माळ्यावर असू शकतात

विनायक दामोदर सावरकर १९०२ साली फर्ग्युसनमध्ये शिकायला आले, ते नाशिकच्या मित्रमेळ्याचा, म्हणजे तिथल्या क्रांतिकारक तरुणांच्या संघटनेचा, ध्यास घेऊनच. १९०४ साली मित्रमेळ्याची ‘अभिनव भारत’ झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरात, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली आणि प्राचार्य र. पु. परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं. एवढं सर्वांना ठाऊक आहे. सावरकरांभोवती जमणारी बाकीची मुलं कोण होती? शपथ कुणी घेतली, कोण ऐनवेळी मागे फिरलं, गावाकडे आईवडिलांना त्यांनी काय सांगितलं? आमचं स्थानिक इतिहास मंडळ गेली काही वर्षं याच मुलांच्या मागावर आहे.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला आणि त्यानंतर अभिनव भारतशी संबंध असलेल्यांची धरपकड सुरू झाली. अशा वेळी घरात एखादं पत्र सापडणं म्हणजे हातात बेड्या. त्यामुळे आज हाताशी येतात ते बहुतेक पोलिसांचे अहवाल आणि कोर्टातल्या जबान्या. ज्यांनी या मुलांना पकडलं त्यांच्याच शब्दांत त्यांची ओळख उरावी, हे आम्हाला सहन होत नाही.

म्हणून हे आवाहन. पणजोबा, खापरपणजोबा त्या काळात फर्ग्युसनला असतील तर ट्रंका उघडा. फीची पावती, वसतिगृहातला ग्रुप फोटो, जमाखर्चाची वही, मोडीतलं न वाचता येणारं पोस्टकार्ड, काहीही चालेल. २२ जुलै १९३१ रोजी वासुदेव बळवंत गोगटे यांनी फर्ग्युसनच्याच वाडिया ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी तिथे असलेल्या कुणी घरी चार ओळी लिहिल्या असतील, तर त्याही हव्यात.

मूळ कागद आम्ही नेत नाही. कार्यकर्ता स्कॅनर घेऊन तुमच्या घरी येईल, तुमच्यासमोर प्रत काढेल. नाव जाहीर करायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्यांच्या घरातल्या कुणी तेव्हा कबुली दिली, माफीचा साक्षीदार झाला, त्यांनीही संकोच करू नये. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला कोठडीत काय सोसावं लागलं असेल, याचा न्याय शंभर वर्षांनी आम्ही करणार नाही. तीही कहाणी याच इतिहासाची आहे.

मोडी वाचणाऱ्यांची फार गरज आहे. आठवड्यातले दोन तास दिलेत तरी मोठं काम होईल. स्कॅनर, आम्लरहित कागदी पाकिटं आणि प्रवास यांसाठी पैसेही लागतात. देणगी कितीही लहान असो, मंडळाच्या नावाने धनादेश द्या, पावती मिळेल.

घरात ऐंशी-नव्वदीतलं कुणी असेल तर आधी त्यांच्यापाशी बसा. कागद थांबतील.