चित्रांची किंमत छापता, चित्रंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च २०२५ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं, ती बातमी आपण ठळक छापलीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला ६७ कोटी मिळाले, तीही आली. दोन्ही बातम्या मी वर्गात वाचून दाखवल्या. मुलांनी साहजिकच विचारलं, ‘मॅडम, पण चित्र कसं आहे?’ बातमीसोबतचं चित्र पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं आणि काळंपांढरं होतं. ‘ग्राम यात्रा’ १९५४ चं आहे, जवळपास १४ फूट रुंद आहे, त्यात गावाकडच्या जगण्याचे १३ वेगवेगळे प्रसंग शेजारी शेजारी रंगवले आहेत, हे सगळं मला बाहेरून शोधून सांगावं लागलं. बातमीत फक्त रक्कम होती आणि हातोडा कुठे पडला ते होतं.

मी राजुरा तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना मुलं बसवते. आमच्या भागात कलादालन नाही. मुंबईचं जहांगीर माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेलं नाही आणि त्यांच्या पालकांनीही नाही. मोबाइलवर चित्रं दिसतात, पण बोटाने सरकवलेलं चित्र मुलांच्या मनात टिकत नाही. कागदावर छापलेलं चित्र कापून वहीत चिकटवता येतं, भिंतीवर लावता येतं, महिनाभर येताजाता बघता येतं. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. आज जे चित्रकार जोमाने काम करत आहेत, त्यांच्याबद्दल आपल्या पानांत काहीच येत नाही, आणि त्यांतले काही तर आमच्या अगदी अंगणातले आहेत.

प्रभाकर पाचपुते यांचंच घ्या. ते १९८६ साली सास्तीत जन्मले. सास्ती आमच्या तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडे. कोळसा खाणीचं गाव. त्यांच्या घरातल्या पिढ्या खाणीत राबल्या. खैरागडला ते शिल्पकला शिकले, पुढे बडोद्याला गेले, आणि चित्रासाठी हातात घेतला तो कोळसाच. २०१२ मध्ये मुंबईत क्लार्क हाऊस या कलादालनात त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन झालं. त्याच्या नावात खाणीतला कॅनरी पक्षी होता. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून पूर्वी विलायतेतल्या खाणीत हा पक्षी पिंजऱ्यातून नेत असत. तो मान टाकायचा तेव्हा माणसं बाहेर पळायची.

पाचपुते अनेकदा थेट दालनाच्या भिंतीवर कोळशाने काढतात. माणसाएवढ्या, कधी माणसाहून मोठ्या आकृत्या. धड मजुराचं आणि डोक्याच्या जागी दिवा, अवजार नाहीतर यंत्राचा तुकडा. जनावरं अशी की अर्धं अंग प्राण्याचं आणि अर्धं पोकलेनचं वाटावं. जमीन सोललेली, कापलेली. काही वेळा याच रेखाटनांचं ते चलत्‌चित्र करतात, मग काळी आकृती भिंतीवर हळूहळू हलायला लागते. त्यांनी कॅनव्हासवरही पुष्कळ केलं आहे, पण माझा जीव भिंतीवरच्या कामावर जास्त जडलेला आहे. तिथे कोळशाची पूड दिसते, हात फिरवून पुसलेला भाग दिसतो, छटा गडद करायला जोर कुठे लावला ते दिसतं. प्रदर्शन संपलं की अशी भिंत पुन्हा पांढरी होते. जमीन खणून झाली की गाव उठतं, हे जवळून पाहिलेल्या माणसाला असं पुसलं जाणारं चित्र काढावंसं वाटलं, यात मला फार मोठा अर्थ दिसतो.

२०२१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफचा आर्टेस मुंडी हा मोठा पुरस्कार सहा कलावंतांना मिळून दिला गेला, त्यांत पाचपुते होते. वेल्स हा देशही कोळशाचाच. तिथल्या खाणकामगारांच्या लढ्यातली निशाणं आणि आपल्याकडचे मोर्चे त्यांनी एकत्र आणले. २०२२ मध्ये व्हेनिसच्या बिनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्यांचं काम लागलं. इथे चंद्रपुरात मात्र त्यांचं नाव विचारलं तर चित्रकलेच्या शिक्षकांपलीकडे फार थोड्यांना सांगता येतं.

त्यांची चित्रं वर्गात दाखवल्यावर काय झालं ते सांगते. स्मरणचित्राला, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राला, आमची मुलं वर्षानुवर्षं एकच देखावा काढतात: दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी, तिच्याशेजारी नारळाचं झाड. राजुऱ्यात नारळ कुठे आहे? शाळेच्या आवारातून दिसतात ते ओबीचे ढिगारे, खाणीतून उपसलेल्या मातीचे, सपाट माथ्याचे, पावसाळ्यात वर थोडी हिरवळ धरणारे. पाचपुतेंची चित्रं पाहिल्यानंतर एका मुलाने पहिल्यांदा तो ढिगारा काढला. त्याचे वडील खाणीत ड्रिलवर आहेत. त्याने ढिगाऱ्याच्या टोकाला वडिलांचं हेल्मेट ठेवलं, डोंगराएवढं मोठं. कुणाची नक्कल नव्हती ती, स्वतःच्या घरचं चित्र होतं. परीक्षेत अशा चित्राला किती गुण मिळतील ते मिळोत. आपलं गाव चित्रात येऊ शकतं, हे त्याला कळलं आणि माझ्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं आहे.

असंच विक्रोळीचे विक्रांत भिसे यांचं. त्यांच्या चित्रांत गर्दी असते, पण गर्दीतला प्रत्येक चेहरा वेगळा. कष्टकरी माणसं, मोर्चे, आंबेडकरी चळवळीचा इतिहास, आणि या सगळ्यातून वाहणारा निळा. आमच्याकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या मुलांना हा निळा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ती चित्रं आपण पूर्ण रंगात छापलीत तर ती थेट घराच्या भिंतीवर जातील, याची मला खात्री आहे.

वारली चित्रांबद्दल तर मला तळमळीने लिहायचं आहे. संकल्पचित्राच्या, म्हणजे नक्षीकामाच्या, तासाला मुलं किनारीला तारप्याचा नाच (तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून केलेला) सहज काढतात. त्रिकोण जोडले की माणूस झाला. साड्यांवर, कपांवर, सरकारी कुंपणांवर तेच. मूळ काम लग्नाच्या चौकाचं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी काढलेलं, मध्ये पालघट देवी. जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणलं आणि जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. बहुतेक वाचकांची माहिती तिथेच थांबते. पण डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ आज त्याच रेषेतून काय काय करत आहेत ते पाहायला हवं. माशांचे थवे, पाण्याच्या लाटा, झाडांची मुळं, इतक्या बारीक रेषांनी भरलेली की लांबून कापड विणल्यासारखं वाटतं आणि जवळ गेल्यावर प्रत्येक धागा म्हणजे एक जीव असतो. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एशिया पॅसिफिक ट्रायनियल या दर तीन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात त्यांची कामं होती. त्याच गंजाडचे राजेश वांगड छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासोबत काम करतात. गिल यांनी टिपलेल्या गावच्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवर वांगड आपल्या रेषांनी गावाच्या गोष्टी काढतात. फोटोत जे उरलेलं नाही ते रेषेत परत येतं. वारली म्हणजे तीच ती किनार, असं समजणाऱ्या प्रत्येक मुलाने हे एकदा पाहावं.

मूळचे अकोल्याचे यशवंत देशमुख यांचं एखादं चित्र मी वस्तुचित्राच्या तासासाठी हमखास वापरेन. साधी रोजची वस्तू, भोवती मोकळी जागा, आणि ती जागाच बोलते.

ज्येष्ठांत सुधीर पटवर्धन यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करता करता त्यांनी या शहराची आणि मुंबईची माणसं रंगवली. ‘लोअर परळ’ या त्यांच्या २००१ च्या चित्रात गिरणगाव बदलताना दिसतं. पण माझ्या मनात त्यांच्याबद्दल वेगळीच कृतज्ञता आहे. २००८-०९ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं प्रदर्शन त्यांनी जुळवलं आणि समकालीन भारतीय चित्रकारांची मूळ कामं नागपूरसह महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत नेली. मोठा चित्रकार स्वतःची चित्रं बाजूला ठेवून इतरांची चित्रं गावोगाव दाखवतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. नागपूरला ते प्रदर्शन मी पाहिलं. छापील पानावर सपाट दिसणारा रंग प्रत्यक्षात किती जाड असतो, ब्रशचे केस त्यात कसे अडकून राहतात, हे मी तिथे नाक जवळ नेऊन पाहिलं. तसं प्रदर्शन पुन्हा व्हावं, आणि या वेळी ते नागपूरला न थांबता चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत यावं. ते काम वर्तमानपत्राचं नाही, हे मला समजतं. पण आपण लिहीत राहिलात तर कुणाला तरी ते करावंसं वाटेल.

आपल्याकडून मागणं एवढंच आहे. रविवारच्या पुरवणीत आठवड्याला एक चित्र द्या, अर्धं पान, पूर्ण रंगात. एका वेळी एकच चित्रकार, शक्यतो आपल्याच कुठल्या तरी जिल्ह्यातला. सोबत दोन-तीनशे शब्द पुरेत, पण ते चित्राबद्दल असावेत: रेषा कशी आहे, रंग कसा लावला, नजर आधी कुठे जाते. चित्रकाराच्या स्वभावाचे किस्से आणि त्याच्या चित्रांच्या किमती यांना जागा नसली तरी चालेल. लिहिणारा समीक्षकच हवा असंही नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत कलाशिक्षक आहेत, त्यांना सांगा, ते आनंदाने लिहितील.

आणि चित्राखाली त्याचं माध्यम आणि लांबीरुंदी न विसरता छापा. मुलं सगळ्यात आधी तेच विचारतात, आणि खडूने फळ्यावर तेवढी चौकट आखून दाखवली की वर्ग एकदम गप्प होऊन बघायला लागतो.

आपली,
एक कलाशिक्षिका
राजुरा, जि. चंद्रपूर