वेटरच्या अर्जात ‘डावी-उजवी’ही यावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की उपाहारगृहांच्या गल्ल्यावर बायोडाटांची चळत साचू लागते. ठाण्यातील एका उपाहारगृहात आधी कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आणि नंतर व्यवस्थापक म्हणून काम करताना अशा अनेक चळती मी चाळल्या. वेटर किंवा स्टीवर्डच्या जागेसाठी आलेले बहुतेक अर्ज झेरॉक्सच्या दुकानातल्या एकाच फाईलमधून निघालेले असत. वर इंग्रजीत दोन ओळींचे ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, ज्याचा अर्थ अर्जदारालाच सांगता येत नाही. खाली वडिलांचे नाव, धर्म, जात, उंची, छंद म्हणून क्रिकेट. आणि शेवटी ही सर्व माहिती खरी असल्याची ग्वाही. एकदा तर त्या ग्वाहीखाली दुसऱ्याच मुलाचे नाव होते. दुकानदार ते बदलायला विसरला होता आणि अर्जदाराने सही करताना वाचले नव्हते.

जात-धर्माचा आणि ताट वाढण्याचा काडीचाही संबंध नाही, तेव्हा त्या ओळी निर्धास्तपणे गाळाव्यात. पण माझी खरी तक्रार जे लिहिले जाते त्याविषयी नसून जे लिहायचे राहून जाते त्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी शहापूरकडचा एक मुलगा आला होता. अनुभवाच्या रकान्यात ‘केटरिंग’ एवढा एकच शब्द होता. सहज विचारले, तेव्हा कळले की चार लग्नसराया तो हॉलमध्ये वाढपी होता आणि तीनशे पानांच्या पंगतीत पन्नास पाने एकटा सांभाळत होता. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाज्या उजवीकडे, हे त्याच्या हातात इतके मुरलेले होते की टेबलावर काटे-चमचे कोणत्या बाजूला मांडायचे हे त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. यातले काहीच त्याने लिहिले नव्हते, कारण त्याच्या लेखी ते नुसते ‘काम’ होते, ‘अनुभव’ नव्हता. त्याला समोर बसवून आम्ही कागदावर एवढेच लिहिले : ‘लग्नाच्या हॉलमध्ये चार हंगाम वाढपी, तीनशेच्या पंगतीत पन्नास पानांची जबाबदारी, जैन जेवणाचे वाढप वेगळे ठेवण्याची सवय.’ असा अर्ज मी कधीही बाजूला सारला नसता.

आधी कुठे नोकरी केलेली असेल, तर ‘हॉटेलमध्ये दोन वर्षे काम’ एवढ्यावर थांबू नये. किती टेबलांचा सेक्शन होता, थाळी होती की मेनूकार्डावरची ऑर्डर, ऑर्डर वहीत घेत होता की टॅबवर, केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, स्वयंपाकघरात स्वतः नेत होता का, रोख आणि यूपीआयचा हिशेब रात्री कोण जुळवत होते, हे वाचले की शनिवारच्या गर्दीत हा मुलगा टिकेल की नाही याचा अंदाज व्यवस्थापकाला येतो. भाषांच्या पुढे सरसकट ‘उत्तम’ लिहू नये. ‘मेनू समजावण्यापुरते इंग्रजी’ हे शब्द मला नेहमीच अधिक विश्वासाचे वाटले. भाजीत दाण्याचे कूट आहे का, असे ग्राहकाने विचारल्यास अंदाजाने उत्तर न देता आत जाऊन खात्री करण्याची सवय असेल, तर तीही आवर्जून लिहावी. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या माणसासाठी तो जिवाचा प्रश्न असतो.

बारीकसारीक वाटणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. आमच्या धंद्यात ब्रेक शिफ्ट असते. दुपारचे जेवण आटोपले की सुटी आणि संध्याकाळी पुन्हा हजर. त्यामुळे राहण्याचे ठिकाण आणि शेवटची लोकल चुकल्यास घरी जाण्याची सोय लिहिली, की पुढची बरीच विचारपूस वाचते. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी करावी लागते आणि विषमज्वरासारख्या आजारांची लसही घ्यावी लागते. हे प्रमाणपत्र जवळ असेल तर त्याची तारीख द्यावी. मोबाइल क्रमांक चालू असलेला द्यावा, हे खरे तर सांगायला नको. पण निवडलेल्या मुलाला तीन दिवस फोन लावून शेवटी दुसऱ्याला बोलावण्याची वेळ माझ्यावर एकदा नव्हे, अनेकदा आली आहे.

मोठ्या हॉटेलाचे खोटे नाव मात्र कुणी घालू नये. ट्रायलच्या दिवशी हातावर तीन भरलेल्या प्लेटा देऊन चालायला सांगितले की पाच मिनिटांत सगळे उघड होते.

आपल्या दैनिकात नोकरीविषयक माहितीसाठी स्वतंत्र जागा असते. तिथे नवख्या मुलासाठी एक आणि अनुभवी मुलासाठी एक, असे अर्जाचे दोन नमुने मराठीत, एका पानात मावतील असे छापावेत, ही विनंती. साध्या उपाहारगृहात मराठी अर्ज बिनदिक्कत चालतो, हेही त्यासोबत ठळकपणे छापावे, म्हणजे मुले झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या फाईलकडे वळणार नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त उपाहारगृह व्यवस्थापक, ठाणे