परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: वकिलातीच्या खिडकीमागची माणसं वाढवा

मा. डॉ. एस. जयशंकर यांस,
सप्रेम नमस्कार.

एकच मागणी आहे. आखातातल्या आपल्या वकिलातींमध्ये कामगारांची प्रकरणं हाताळणारे अधिकारी-कर्मचारी वाढवा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतला एक तरुण कुवेतला कामावर असतानाच वारला. घरच्यांना वाटलं, दोन दिवसांत आणतील. पण मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, शवलेपनाचा दाखला, घरच्यांचं संमतीपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि वकिलातीचं ना-हरकत पत्र, एवढं जमल्याशिवाय पेटी विमानात चढत नाही. त्यात कंपनीचा माणूस फोन उचलेना. वकिलातीतला एक कनिष्ठ अधिकारी शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, स्वतः शवागारात गेला. कंपनीला त्यानेच गाठलं. रात्री त्या आईला फोन करून मोडक्यातोडक्या हिंदीत कुठला कागद कुठे अडलाय ते समजावलं. ती तेच तेच विचारत होती, तरी तो चिडला नाही. त्या आठवड्यात आमच्या वाडीसाठी भारत सरकार म्हणजे तो माणूस होता.

आखाती देशांत नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत. आणि जगभरासाठी परराष्ट्र सेवेचे अधिकारी जेमतेम हजाराच्या घरात! मनुष्यबळ अपुरं असल्याचं संसदेच्या स्थायी समितीनेही वारंवार सांगितलं आहे. पैशाची सोय काही प्रमाणात आहे. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २०१५ पासून तक्रारींसाठी 'मदद' पोर्टल आहे. पण पोर्टलवर तक्रार नोंदवल्यावर शवागारात, तुरुंगात, कामगारांच्या छावणीत जायला माणूसच लागतो.

आपण स्वतः १९७७ पासून या सेवेत होतात, तेव्हा हे आपल्याला नवं नाही. रवींद्र म्हात्रेंचं नावही नवं नसेल. ते राजदूत नव्हते, बर्मिंगहॅमच्या आपल्या कचेरीतले अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ ला मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन बसमधून उतरले, तिथूनच त्यांना पळवलं. तुरुंगात असलेल्या काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बटच्या सुटकेची मागणी करणाऱ्यांनी दोन दिवसांत त्यांना मारलं. पुण्यात मुठेवरच्या पुलाला त्यांचं नाव आहे. मोठ्या पदाचं संरक्षण नसलेली अशी माणसं देशासाठी जिवावर उदार होतात. त्यांच्यावर कामाचा एवढा बोजा टाकणं बरोबर नाही.

म्हणून विनंती अशी: कामगार आणि कल्याण विभागातली रिकामी पदं आधी भरा. मराठी, तेलुगू, मल्याळम, भोजपुरी बोलणारे कर्मचारी तिथे द्या. आणि या विभागात घालवलेली वर्षं बढतीच्या वेळी वॉशिंग्टन-लंडनच्या नेमणुकीइतकीच जमेस धरा, म्हणजे चांगले अधिकारी हे काम मागून घेतील.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक नागरिक