फोटोखाली गाव आणि साल लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'पोलादी पडद्यामागचं जगणं' म्हणून पोलंडचे सात फोटो छापलेत. पान देखणं झालंय. पण सातही फोटोंना मिळून ओळ एकच: 'कम्युनिस्ट राजवटीतील पोलंड'. ती राजवट चांगली चाळीसेक वर्षं टिकली. मग हे फोटो १९५२ चे की १९८२ चे? वॉर्सातले की खेड्यातले? काढले कुणी? मी आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला, त्यामुळे असलं जरा जास्तच खुपतं.

वरचा मोठा फोटो तर जगप्रसिद्ध. बर्फात उभी लष्करी गाडी, मागे वॉर्सातलं 'मॉस्क्वा' चित्रपटगृह आणि त्यावर अमेरिकी युद्धपटाची जाहिरात. तो ख्रिस निडेन्थाल यांनी डिसेंबर १९८१ मध्ये, मार्शल लॉ लागल्यावर काढला. (मजकुरात त्याला 'रणगाडा' म्हटलंय. तो रणगाडा नव्हे, सैनिक नेणारी आठचाकी चिलखती गाडी आहे.) फोटो थोरच, पण तो रोजच्या जगण्याचा कसा? उद्या कर्फ्यूतल्या बिंदू चौकाचा फोटो छापून खाली 'कोल्हापूरकरांचं दैनंदिन जीवन' लिहाल का?

उरलेल्यांत चार फोटो रांगांचे. रांगा खऱ्याच होत्या. साखर १९७६ पासून कार्डावर, मांस १९८१ पासून. पण रांगेतला माणूस संध्याकाळी घरी जायचा, त्या घराचा एकही फोटो पानावर नाही.

असे फोटो नाहीतच म्हणावं, तर तसंही नाही. झोफिया रिदेत या बाईंनी १९७८ ते १९९० या काळात सुमारे २०,००० निगेटिव्ह केल्या, त्या बव्हंशी घराघरांतल्या. काम सुरू केलं तेव्हा त्या ६७ वर्षांच्या होत्या. जुनी घरं आणि घर लावायची जुनी रीत जाणार, हे त्यांना दिसत होतं. खेड्यात जायचं, दार वाजवायचं, घरातल्या कशाचं तरी कौतुक करायचं आणि घरच्या माणसांना भिंतीपुढे बसवायचं. हसायचं नाही, सरळ लेन्समध्ये बघायचं. वाइड लेन्स आणि फ्लॅश. फ्लॅश कशाला, हे आमच्या धंद्यातल्याला सांगावं लागत नाही. कोपरा अंधारात गेला की कोपऱ्यातली वस्तूही गेली, आणि बाईंना वस्तू माणसाइतकीच हवी होती. म्हातारा-म्हातारी हात मांडीवर ठेवून बसलेली, मागे देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचा फोटो, टीव्हीवर विणलेला रुमाल. १९७८ च्याच ऑक्टोबरात पोलंडचा माणूस पोप झाला. मग या भिंतींवर पोपचा फोटो इतका दिसू लागला की बाईंनी त्याची वेगळी मालिकाच केली. सरकार निरीश्वरवादी, पण भिंत घरमालकाची. रांगेच्या फोटोत हे कुठून दिसणार?

मीही करवीर, पन्हाळ्याच्या खेड्यांत ऑर्डरीसाठी घरोघरी हिंडलोय. 'जरा थांबा, टोपी घालून येतो' म्हणणारे आजोबा आणि तेवढ्यात टीव्हीवरचं क्रोशाचं झाकण सरळ करणारी त्यांची सून अजून डोळ्यांपुढे आहेत. पण मी काय केलं? सोबत नेलेला निळा पडदा त्यांच्या मागे लावला. कॅलेंडर, फडताळ, तसबिरी सगळं पडद्याआड. हजारो फोटो काढले, पण एका घराची भिंत माझ्याकडे नाही. बाईंचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा हे ध्यानात आलं आणि ओशाळायला झालं.

आपला अंक कोल्हापुरात वाचला जातो, म्हणून आणखी एक. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत संघाने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाकडे धाडलं होतं. रिदेतबाई त्याच पूर्वेकडच्या, स्तानिस्वावुव गावच्या. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे. युद्धानंतर तो मुलूखच पोलंडच्या हातून गेला. बाई नव्या पोलंडातल्या ग्लिवित्से शहरात स्थिरावल्या. वळिवड्याच्या लोकांपैकी काही नव्या पोलंडात गेले, बरेच तिकडे न जाता इतर देशांत पांगले. इतका जवळचा धागा असताना सातांपैकी एका फोटोपाशी तरी 'वळिवडे' हा शब्द यायला हवा होता.

बाईंचा संग्रह आता इंटरनेटवर बघायला मिळतो. रीतसर परवानगी घेऊन त्यातले चार फोटो छापा आणि प्रत्येकाखाली गाव, साल आणि काढणाऱ्याचं नाव लिहा.

नावाचं एवढं का, तर २००५ च्या पुरातला मी काढलेला एक फोटो आपल्याकडे तीनदा छापून आलाय. तिन्ही वेळा खाली 'संग्रहित छायाचित्र'. त्यातल्या एकदा तर २०१९ च्या पुराच्या बातमीत.

कळावे,
एक निवृत्त फोटोग्राफर, कोल्हापूर